कोल्हापूरच्या हवेत नवा ह्युमिडॉर: पहिल्या पंधरवड्यापासून पहिल्या पावसाळ्यापर्यंत

तंबाखू कशी सांभाळायची हे आपल्या भागातल्या माणसाला कुणी शिकवायची गरज नाही, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. निपाणी इथून चाळीसेक किलोमीटरवर. माझे वडील तिथल्या एका वखारीत होते. पान मुठीत दाबून सोडायचे आणि ते कसं उलगडतंय यावरून ओल सांगायचे. चुरा झाला तर कोरडं, गोळा तसाच राहिला तर ओलं, सावकाश उलगडलं तर माल चांगला.

पण आपल्याकडचं बहुतेक ज्ञान विडीच्या तंबाखूचं आहे. विडी वळून झाली की भट्टीत शेकतात आणि पुढे ती कोरडी ठेवतात. सिगारचं उलट आहे. सिगारमध्ये आत गुंडाळलेली पानं, त्यांना बांधून ठेवणारं एक पान आणि वरचं पातळ, तेलकट आवरणाचं पान असतं. हे आवरण थोड्या ओलीवरच लवचिक राहतं. ओल गेली की ते तडकतं, धूर तिखट आणि गरम येतो. ओल वाढली की सिगार सादळते, ओढली जात नाही, मध्येच विझते आणि शेवटी बुरशी धरते. ह्युमिडॉर ही पेटी या दोन्हींच्या मधली हवा धरून ठेवते.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगतो. सिगारचा धूर आत ओढत नाहीत म्हणून ती निरुपद्रवी आहे, हे खोटं आहे. तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचा धोका तिच्यातही आहे. जो ओढत नाही त्याने हा लेख वाचून सुरुवात करू नये. ज्याच्या घरी पेटी आलेलीच आहे, बहुतेक वेळा दुबईहून किंवा अमेरिकेहून आलेल्या कुण्या नातेवाइकाकडून, त्याच्यासाठी हे लिहितोय.

पेटीच्या आधी घराची हवा ओळखा

पेटीसोबत येणारी माहितीपत्रकं थंड प्रदेशातल्या घरांसाठी लिहिलेली असतात. तिथे हिवाळ्यात हीटर लागतो, हवा कोरडी पडते, त्यामुळे सगळा भर पेटीत ओल कशी घालायची यावर असतो. आपल्याकडे वर्षातले जवळपास चार महिने ओल बाहेर कशी ठेवायची हा प्रश्न असतो. माझ्या घरात मार्चअखेरच्या दुपारी आर्द्रतामापकाचा काटा ३० टक्क्यांच्या आसपास असतो आणि आषाढात तोच काटा दिवसेंदिवस ८५ च्या खाली उतरत नाही. सिगारला हवी असते ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाची हवा जास्तीत जास्त जेवढी वाफ धरू शकते त्याच्या ६५ ते ७० टक्के. म्हणजे आपली हवा वर्षातून दोनदा तिथून नुसती जाते, थांबत नाही.

घरात एक फुकटचं मापक आहे: मिठाची बरणी. साधं मीठ ७५ टक्के आर्द्रतेच्या वर हवेतलं पाणी ओढून घ्यायला लागतं. मीठ ओलं होऊन बरणीच्या कडेला चिकटायला लागलं की तुमच्या स्वयंपाकघरातल्या हवेने ७५ ओलांडली असं समजा. पापड सादळणं, चिवडा वातट होणं, गुळाला पाणी सुटणं, कपाटातल्या चपलांवर हिरवट लव येणं ही सगळी त्याच गोष्टीची रूपं. या खुणा दिसायला लागल्या की पेटीकडे लक्ष द्यायचं.

आता जागा. स्लॅबच्या इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावर राहत असाल तर पेटी उंच कपाटात ठेवू नका, उष्णता तिथे साठते. पश्चिमेच्या भिंतीला लागून नको, फ्रिजवर नको, खिडकीत नको. देवघराजवळ नको, कारण लाकूड आणि तंबाखू दोन्ही उदबत्तीचा वास पिऊन घेतात आणि तो महिनोन्‌महिने जात नाही. स्वयंपाकघराजवळ तर मुळीच नको. कांदा-लसूण मसाला भाजला जातो त्या दिवशी मी शेजारच्या खोलीचं दारसुद्धा लावून घेतो. आतली खोली, जमिनीलगतचं कपाट, बाहेरच्या भिंतीपासून वीतभर अंतर, एवढं जमलं तर पुष्कळ. जुन्या मातीच्या भिंतींच्या घरात राहणाऱ्यांचं नशीब चांगलं. तिथे दिवस-रात्रीचा फरक कमी असतो.

पेटी तपासणं

झाकण उघडून वास घ्या. चांगल्या पेटीचं आतलं अस्तर स्पॅनिश सीडर नावाच्या लाकडाचं असतं. नाव असं असलं तरी ते झाड स्पेनचंही नाही आणि देवदारही नाही. ते मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं, मॅहोगनी आणि आपला कडुनिंब यांच्याच कुळातलं. आपल्याकडचं तून हे लाकूडही त्याचं जवळचं नातलग. वास गोडसर, मिरमिरीत लाकडाचा यायला हवा. पॉलिशचा किंवा सरसाचा उग्र वास येत असेल तर पेटी झाकण उघडं ठेवून आठवडाभर सावलीत ठेवा. तरीही वास राहिला तर परत करा. त्या पेटीत ठेवलेली प्रत्येक सिगार तसलीच लागणार.

मग झाकण. ते हातातून सोडल्यावर दाणकन आदळायला नको. शेवटच्या बोटभर अंतरात आतल्या हवेने त्याला अडवावं आणि ते हळू बसावं. दहा रुपयांची नोट कडेवर ठेवून झाकण लावा आणि ओढून बघा. चारही बाजूंना थोडा अडसर जाणवला पाहिजे. रात्री खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च आत चालू ठेवा आणि झाकण लावा. प्रकाशाची रेघ जिथे दिसेल तिथून आषाढात ओल आत शिरणार. बिजागरीचे स्क्रू सैल असतील तर घट्ट करून पुन्हा बघा. कित्येकदा दोष तेवढाच असतो. सांधाच फाकलेला असेल तर मात्र बदलून घ्या.

आर्द्रतामापक खरा बोलतोय का?

पेटीच्या झाकणाला पितळी तबकडीचा गोल हायग्रोमीटर असतो. दिसायला सुंदर, पण त्यावर विसंबू नका. वेगळा छोटा डिजिटल घ्या आणि कुठलाही असला तरी आधी मिठाने तपासा.

बाटलीच्या झाकणात चमचाभर साधं मीठ घ्या. त्यात पाण्याचे थेंब टाकत जा, भिजवलेल्या वाळूसारखं झालं की थांबा. मीठ विरघळून पाणी वर दिसायला लागलं तर जास्त झालं. हे झाकण आणि मापक एका पारदर्शक, घट्ट लागणाऱ्या डब्यात शेजारी ठेवा, डबा बंद करा आणि चोवीस तास हात लावू नका. मिठाच्या अशा लगद्यावर बंद हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. नेहमीच्या खोलीच्या तापमानात हा आकडा जवळजवळ हलत नाही. मापकाने ७१ दाखवलं तर तो चार कमी सांगतोय. तेवढं चिकटपट्टीवर लिहून पाठीवर लावा. काही मापकांना दुरुस्तीचा स्क्रू असतो, तो फिरवून ७५ वर आणा. सहा महिन्यांनी पुन्हा हेच करा. आपल्याकडे सोयीचे मुहूर्त म्हणजे गुढीपाडवा आणि दसरा.

ही पायरी कुणीही गाळू नये. मापक चुकीचा असेल तर पुढचं सगळं चुकीच्या आकड्यावर उभं राहतं.

सीझनिंग: लाकडाला पाणी पाजणं

इथे शब्दाचा एक घोटाळा आहे. टिंबर मार्केटमधला मिस्त्री ‘सीझन केलेलं लाकूड’ म्हणतो तेव्हा त्याला वाळवलेलं लाकूड म्हणायचं असतं. ह्युमिडॉरचं सीझनिंग बरोबर उलटं असतं. वाळलेल्या अस्तराला हवेतून हळूहळू ओल द्यायची.

का द्यायची? ४० टक्के आर्द्रतेच्या हवेत राहिलेल्या लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण ८ टक्के पाणी असतं. ७० टक्क्यांच्या हवेत तेच लाकूड १३ टक्क्यांवर जातं. म्हणजे किलोभर लाकूड सुमारे ५० ग्रॅम पाणी पिणार. ते पाणी तुम्ही दिलं नाही तर लाकूड ते सिगारमधून घेईल. कोरड्या पेटीत ठेवलेल्या महागड्या सिगार पंधरा दिवसांत काड्यांसारख्या होतात त्या यामुळे.

सोपा मार्ग म्हणजे ८४ टक्क्यांची पाकिटं, म्हणजे बंद पेटीतली हवा त्या आकड्यावर आणून धरणारी ओलीची पाकिटं. बोवेदा या नावाची सहज मिळतात. पेटीवर जितक्या सिगारची क्षमता लिहिली असेल, त्यातल्या दर पंचविसांमागे ६० ग्रॅमचं एक पाकीट. प्लॅस्टिकचं बाहेरचं आवरण काढा, आतला कागदी पदर तसाच ठेवा, पाकिटं पेटीत ठेवून झाकण लावा. चौदा दिवस. या काळात झाकण उघडायचं नाही. ‘किती झालं बघू’ म्हणून रोज उघडलं तर चौदाचे वीस दिवस होतात.

पाकिटं मिळाली नाहीत तर वाटीचा मार्ग. नवा, बिनवासाचा स्पंज डिस्टिल्ड पाण्यात भिजवून हलका पिळा, प्लॅस्टिकच्या बशीत ठेवा आणि बशी पेटीच्या मधोमध. स्पंज लाकडाला कुठेही टेकता कामा नये. तीन दिवसांनी बघा, कोरडा वाटला तर पुन्हा भिजवा, आणखी तीन-चार दिवस ठेवा. मग स्पंज काढून पेटी एक दिवस बंद ठेवा. काटा ७० च्या आसपास टिकला तर लाकूड भरलं. ६० कडे घसरला तर आणखी एक फेरी.

पाणी डिस्टिल्डच हवं. नळाच्या पाण्यातले क्षार स्पंजची आणि पेटीसोबत येणाऱ्या, ओल देणाऱ्या फोमच्या यंत्राची छिद्रं बुजवतात. आरओच्या पाण्यातही थोडे क्षार उरतात. औषधाच्या दुकानात डिस्टिल्ड पाणी मिळतं. गॅरेजमध्ये बॅटरीत घालायचं क्षारमुक्त पाणी मिळतं तेही चालतं, मात्र बाटली सीलबंद आणि पाण्याचीच आहे, अ‍ॅसिडची नाही, हे वाचून घ्या. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी कुणी सुचवेल. ते वापरू नका, त्यात धूळ आणि बुरशीचे बीजाणू असतात.

ओल्या फडक्याने आतून पेटी पुसण्याची एक जुनी पद्धत आहे. ती मी कुणालाही सांगणार नाही. लाकडाचा वरचा पापुद्रा एकदम फुगतो, आतला भाग कोरडाच राहतो आणि ताण सांध्यावर येतो. एकदा झाकण वाकलं की ते पुन्हा सरळ होत नाही. उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या घागरीत पाणी ओतलं तरी ती सावकाशच मुरते. पातळ फळीला तर आणखी वेळ द्यायला हवा.

पेटी पावसाळ्यात हाती आली तर? तर आधी ८४ चं पाकीट लावूच नका. आत फक्त मापक ठेवून दोन दिवस बंद ठेवा. ८० टक्क्यांच्या हवेत लाकूड १६ टक्क्यांपर्यंत पाणी धरून बसतं, म्हणजे तुमच्या पेटीचं सीझनिंग पावसाने आधीच गरजेपेक्षा जास्त केलेलं असू शकतं. काटा ७५ च्या वर असेल तर ६५ चं पाकीट टाकून तिला खाली येऊ द्या. एसीच्या दुकानातून सरळ आलेली पेटी मात्र जुलैतही कोरडी असते. म्हणून काट्याला विचारल्याशिवाय काही करायचं नाही.

हे मी नुकसान करून शिकलो. माझी पहिली पेटी आषाढात आली. माहितीपत्रकात लिहिलं होतं तसं मी सगळं केलं, वाटी ठेवली, यंत्रातला फोम भिजवला आणि लगेच सिगारही भरल्या. दहाव्या दिवशी झाकण उघडलं तर आठ सिगारच्या टोकांवर पांढरी-निळी लव होती. त्यातल्या चार माझ्या मेहुण्याने खास आणलेल्या. सगळ्या टाकल्या. पेटी वाचली, पण तिचा कुबट वास जायला दिवाळी उजाडली.

सिगार भरताना

सीझनिंगची पाकिटं काढा आणि नेहमीची लावा. ती ६५, ६९, ७२ अशा आकड्यांची मिळतात. कोल्हापूरसाठी मी ६५ म्हणतो. आपल्याकडे घरातलं तापमान बराच काळ तिशीच्या जवळ असतं. उष्णता आणि ओल एकत्र आली की बुरशी आणि किडा दोन्हींना फावतं, त्यामुळे ओलीकडून थोडं राखून असलेलं बरं. इथेही दर पंचवीस सिगारच्या क्षमतेला ६० ग्रॅमचं एक पाकीट. ही पाकिटं ओल देतात तशी घेतातही, आणि आपल्याला तेच हवं. पेटीसोबत आलेलं फोमचं गोल यंत्र फक्त देतं. मी ते काढून ठेवलंय.

पेटी दोन तृतीयांश भरा, हवेला फिरायला जागा हवी. सिगारभोवतीचा पारदर्शक कागद ठेवला काय, काढला काय, फारसा फरक पडत नाही. मी ठेवतो, कारण हाताळताना आवरण फाटत नाही. सुगंधी सिगार, व्हॅनिला वगैरे लावलेल्या, त्यांना वेगळा डबा. नाहीतर महिन्याभरात सगळ्याच व्हॅनिलाच्या होतील.

किडा

तंबाखूचा भुंगेरा दोन-तीन मिलिमीटरचा, तपकिरी, पाठ गोलसर. त्याची अंडी पानात मुळातच असू शकतात. साधारण २४-२५ अंश सेल्सिअसच्या वर ती उबायला लागतात, आणि कोल्हापुरात एसीशिवाय २४ च्या खाली राहणं हिवाळ्यातच शक्य आहे. आवरणावर टाचणीने पाडल्यासारखं गोल भोक आणि खाली पिठासारखा भुगा दिसला की तोच.

हाच किडा हळकुंडं आणि सुक्या मिरच्याही पोखरतो. सांगलीची हळद वर्षाची भरून ठेवणाऱ्या घरात बरणीच्या तळाशी पिवळा भुगा आणि भोकं पडलेली हळकुंडं तुम्ही पाहिली असतील. तेव्हा मसाल्याच्या साठ्याची खोली आणि पेटीची खोली वेगळी ठेवा.

सिगार २१ अंशांवर ठेवा असं सगळीकडे सांगतात, ते आपल्याकडे वर्षभर जमत नाही. म्हणून मी नवीन आलेली प्रत्येक सिगार आधी गोठवतो. दुहेरी झिपच्या पिशवीत घालून हवा काढायची, एक दिवस फ्रिजमध्ये, तीन दिवस फ्रीझरमध्ये, पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये, मग पिशवी बंदच ठेवून काही तास खोलीत. पिशवी लगेच उघडली तर थंड सिगारवर दव धरतं. पायऱ्या गाळून थेट फ्रीझरमधून बाहेर काढली तर आवरण तडकतं. फ्रिज म्हणजे मात्र साठवायची जागा नव्हे; तो हवा कोरडी करतो आणि लसणाची चटणी शेजारी असते.

वर्षभर काय करायचं

चैत्र-वैशाखात पाकिटं लवकर संपतात. हाताला मऊ लागणारं पाकीट आतून कडक, दाणेदार झालं की बदला. या दिवसांत आठवड्यातून एकदा काटा बघायचा आणि दुपारी पेटी उघडायची नाही. पहाटे किंवा रात्री उघडा. निपाणीकडचे शेतकरी पान पहाटेच हाताळतात, दवाने ते नरम असतं आणि चुरा होत नाही. सिगारलाही तोच न्याय.

वळीव येऊन गेला की मेअखेरीस टॉर्चची परीक्षा पुन्हा करा. मृगापासून गणपतीपर्यंत झाकण शक्य तितकं कमी उघडा. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकू नका, त्या कुठे थांबायचं हे जाणत नाहीत आणि दोन दिवसांत पेटी कोरडी करतात. त्या कपाटात, पेटीच्या बाहेर ठेवा. पाकिटं फुगून टम्म झाली तर त्यांनी भरपूर ओल घेतलीय, नवीन लावा. माझी लाकडी पेटी तर जुलै-ऑगस्टमध्ये रबरी कडेच्या मोठ्या प्लॅस्टिकच्या डब्यात जाते, डब्यात एक जास्तीचं ६५ चं पाकीट. दिसायला बरं नाही, पण गेल्या पाच पावसाळ्यांत एकही सिगार गेली नाही.

महिन्यातून एकदा वरच्या सिगार खाली, खालच्या वर करा. तेव्हाच प्रत्येकीला बोटांनी हलकं दाबून बघा. किंचित दबून पुन्हा वर आली तर ठीक. कर्रकर्र आवाज आला तर कोरडी, दाब तसाच राहिला तर सादळलेली. वडिलांच्या मुठीतल्या पानासारखंच आहे हे, आणि दोन-तीन महिन्यांत हाताला काट्याइतकं कळायला लागतं.

पांढरी लव दिसली तर ती चांगल्या जुन्या सिगारवर येणारी साखर आहे, असं सांगणारे भेटतील. मी ती बुरशीच समजतो. ती सिगार काढा, शेजारच्या दोन वेगळ्या डब्यात ठेवून लक्ष ठेवा, अस्तराचा तेवढा भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पेटी एक-दोन दिवस उघडी वाळू द्या.

कोरडी पडलेली सिगार वाचवता येते, पण घाई केली तर आवरण फाटतं. ६२ च्या पाकिटासोबत लहान डब्यात दोन आठवडे, मग ६५ सोबत आणखी दोन-तीन आठवडे. आतली पानं फुगायला वेळ घेतात, बाहेरचं आवरण आधी फुगतं, आणि सगळा धोका या दोन वेळांच्या फरकात आहे.

आणि तुमच्याकडे पाच-सहाच सिगार असतील तर लाकडी पेटीच्या मागे लागू नका. रबराची कड असलेला काचेचा डबा, त्यात ६५ चं एक पाकीट, मिळाली तर सीडरची एक पट्टी. आपल्या पावसात हा डबा हजारोंच्या पेटीपेक्षा सिगार चांगल्या सांभाळतो, आणि त्याला सीझनिंगही लागत नाही. पेटी घ्यायचीच असेल तर दसऱ्यानंतर घ्या. ऑक्टोबरअखेरीपासून हवा कोरडी होत जाते, पण वैशाखाइतकी भाजत नाही, आणि पुढचा पाऊस येईपर्यंत ती पेटी ओळखायला तुमच्याकडे सात महिने असतात.